जमेची बाजू

मी पतसंस्थेत रोजकीर्द लिहिते. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे, आणि शिल्लक जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हा बारा वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे बाळंतपणाच्या पिशवीत टोपरी-दुपटी भरताना मी एक दोनशे पानी वहीही टाकली तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. "तिथं काय कॅश मोजायचीय?"

मोजायचं होतंच. फक्त काय मोजायचं ते मला उलटं कळलं होतं.

मुलगी झाली ३ ऑगस्टला, सिझेरियननं. कराडला माहेर, बाहेर पावसाची झड, टीव्हीवर कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या, आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर 'जागतिक स्तनपान सप्ताह, १ ते ७ ऑगस्ट' असा भलामोठा फ्लेक्स. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावा, असं त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं. मला बाळ मिळालं साडेचार तासांनी. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी गुंगीत, हाताला सलाईन, बाळ तपासायला वरच्या मजल्यावर, मग पाहुण्यांचे फोटो. पण तो फ्लेक्स पायऱ्यांवरून काढून ऑपरेशन थिएटरच्या दाराला लावला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

पहिल्या दिवशी आले ते चार-दोन थेंब. पिवळे, दाट, बोटाला चिकटणारे. चीक. आत्या म्हणाली, "ते काढून टाक गं, जड असतं, बाळाला बाधतं." ही तीच आत्या, जिला गवळ्याकडून म्हशीचा चीक आला की कधी एकदा खरवस लावते असं होतं. रेडकाच्या वाटणीचा चीक आपण वेलदोडा घालून खायचा आणि पोरीच्या वाटणीचा मोरीत ओतायचा, हे मला अर्धवट गुंगीतही पटलं नाही. आईनं आत्याला चहा आणायला पिटाळलं आणि ते थेंब चमच्यानं बाळाच्या ओठांवर सोडले. चीक थेंबभर असतो कारण पोटही तेवढंच असतं. पहिल्या दिवशी एका वेळेला ५ ते ७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, पुष्कळ होतं. हे मी आधी वाचलेलं होतं. पण रात्री दोन वाजता बाळ किंचाळायला लागलं की वाचलेलं काहीही आठवत नाही.

त्या तीन दिवसांत येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला. दूध येतंय का? पाहुण्यांनी विचारलं, सफाईच्या मावशींनी विचारलं, बार्शीहून सासूबाईंनी फोनवर दिवसातून तीनदा विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे वडील, ज्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, त्यांनीही माझ्या आईला विचारलं, "पोरीला दूध हाय न्हवं?" जणू माझ्या छातीला पाण्याच्या टाकीसारखी बाहेरून काचेची नळी लावलेली आहे आणि पातळी सगळ्यांना बघायची आहे.

मीही तेच मोजत बसले. वहीत लिहिलं: उजवी बाजू १० मिनिटं, डावी ० मिनिटं. उजवी १५, डावी ०. डावीकडचं बोंड सपाट होतं, किंचित आत ओढलेलं. मुलगी तिकडे तोंड लावायची, दोनदा डोकं आपटायची आणि टाहो फोडायची. उजवीकडे धरायची, पण तिसऱ्या दिवसापर्यंत तिथं चीर पडली. ती तोंडात घ्यायची तेव्हा पायाची बोटं आपोआप आवळली जायची, आणि एकदा तिनं काढलेल्या गुळणीत रक्ताची रेघ दिसली. मला वाटलं तिच्या पोटातून आलं. ते माझंच होतं.

तिसऱ्या दिवशी वजन केलं. जन्मतः २ किलो ८५० ग्रॅम होती, आता २ किलो ५९०. जन्मानंतर पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सातेक टक्क्यांपर्यंत फारशी काळजी करत नाहीत, दहाकडे जायला लागलं की डॉक्टर सावध होतात. आमचं नऊच्या पुढे गेलेलं. त्यात डोळ्यांत थोडी पिवळी झाक, म्हणजे कावीळ, आणि काविळीचं बाळ झोपाळू असतं. प्यायला उठतच नाही. डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून आईच्या दुधाची पेढी आहे, तिथं गरजू बाळांना दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. आमच्याकडे पावडरीचा डबा होता. त्या डब्यावर 'आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम' असं लिहिलेलं असतं. १९९२ च्या कायद्यानं तसं लिहावंच लागतं. पहाटे तीनला, दुखऱ्या टाक्यांनी उठून बसल्यावर ते वाक्य वाचून बघा एकदा. नवऱ्यानं डब्याला उलट तोंड करून ठेवलं.

डब्यावर माझा राग नाही, हे इथंच सांगून टाकते. त्या दिवसांत तिला त्याची गरज होती. राग आहे तो एवढ्याचाच की डबा हातात देताना कुणी वाकून तिच्या तोंडात बघितलं नाही.

चौथ्या रात्री दूध उतरलं. उतरलं कसलं, कोसळलं. सिझेरियननंतर कधी कधी उशीर होतो, तसा झाला होता, आणि मग एका रात्रीत दोन्ही बाजूंना पाटा-वरवंटा बांधल्यासारखं झालं. तट्ट, गरम, काखेपर्यंत ठणका. गंमत म्हणजे आता दूध होतं आणि मुलीला ते घेता येत नव्हतं, कारण फुगलेल्या छातीवर बोंडाचा मागमूसच राहिला नव्हता. फुगलेल्या फुग्याला दातांनी चावा घ्यायला जा, तसं. कोणीतरी कोबीची पानं सांगितली. फ्रीजमधली गार पानं ठेवली की बरं वाटायचं हे खरं, पण खोलीला मंडईचा वास यायला लागला आणि नवरा म्हणाला, "आता फक्त मटार घाल."

घरी आलो. सहाव्या दिवशी आई मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाईंना घेऊन आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात हयात घालवून निवृत्त झालेल्या बाई. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर झालेली. मी डोळे पुसून तयार बसले होते की आता या विचारणार, दूध येतंय का?

त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाज बघू." मी नेहमीसारखी पुढे वाकले, छाती हातानं उचलली आणि तिच्या तोंडात दिली. बाईंनी मान खाली घालून, अगदी गाडीच्या खाली मेकॅनिक बघतो तसं, बाळाच्या तोंडाकडे बघितलं. माझ्याकडे नाहीच.

"ही पीत न्हाई गं. नुस्तं टोक चघळतीया."

सहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्या बाजूचा हिशोब बघितला होता.

मग त्यांनी करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारली, हवा सुटली, तोंड अलगद सुटलं. मी आजवर ओढून काढत होते, चिरा त्यानंही वाढत होत्या. सुटलेलं बोंड बाईंनी मला दाखवलं. नव्या लिपस्टिकचं टोक तिरकं कापलेलं असतं ना, तसं चपटं, टोकाला पांढरं. "बघ, ही खूण. पकड बरोबर आसती तर गोल बाहेर येतं."

पुढचा तासभर त्यांनी जे शिकवलं ते मी वहीत लिहून ठेवलंय, जसंच्या तसं. आधी मागे टेकून बसायचं, वाकायचं नाही. छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळ छातीकडे आणायचं. डावीकडे पाजायचं तर बाळ उजव्या हातावर: तळवा तिच्या खांद्यामागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला. डोक्याच्या मागे दाबायचं नाही, दाबलं की बाळ उलट ताठ होतं. तिचं पोट माझ्या पोटाला चिकटलेलं. नाक बोंडाच्या समोर, तोंड नव्हे. तिथं मी चुकत होते. नाकाशी बोंड असलं की बाळ मान मागे टाकतं, हनुवटी आधी टेकते आणि तोंड मोठं उघडतं. डावा हात छातीला खालून, इंग्रजी यू अक्षरासारखा, अंगठा बाहेरच्या बाजूला तिच्या नाकाकडे, बोटं आतल्या बाजूला हनुवटीकडे, आणि थोडं दाबायचं.

"वडापाव कसा खातीस? दाबून, ओठांच्या रेषेत. उभा धरून तोंडात जातुय का?"

ओठाला बोंड घासायचं, आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. बाळ रडत असताना उघड्या तोंडात घालून मोकळं व्हावंसं वाटतं. बाई माझं मनगट धरून बसल्या होत्या. "आजून न्हाई... आजून न्हाई..." आणि मुलीनं जांभई दिल्यासारखा आऽ वासला तेव्हा त्यांनी माझा हात मागून झटक्यात पुढे ढकलला. "आत्ता!"

दुखलं नाही. पायाची बोटं आवळली गेली नाहीत. काळा भाग खालून जवळजवळ सगळा तिच्या तोंडात, वरून थोडा दिसत होता; खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं. आणि मग आवाज आला, बारीक, कऽ... कऽ... घुटक्याचा. खोलीत कोणी बोलेना. आई दाराला टेकून उभी होती, ती तशीच आत निघून गेली. भांडी वाजवल्याचा आवाज आला, पण आत कुणी भांडी घासत नव्हतं.

सगळं एका बैठकीत सुटलं असं मात्र झालं नाही. टाक्यांमुळे ती मांडीवर आडवी घेणं मला फार वेळ जमेना, म्हणून बाईंनी दुसरी पद्धत दाखवली. बाळ काखेखालून धरायचं, पाय मागे, डोकं पुढे, खाली उशी. आत्या बघत होती. म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच." त्या आठवड्यात मला आलेलं ते पहिलं हसू, आणि हसल्यावर टाके किती दुखतात तेही कळलं.

तट्ट फुगलेल्या छातीसाठी युक्ती अशी: पाजण्याआधी बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर बोटांची टोकं गोलाकार ठेवून आत, फासळ्यांच्या दिशेनं, मिनिटभर हलकं दाबून धरायचं. सूज मागे सरकते, मधला भाग मऊ होतो. मग हातानं थोडं दूध काढायचं. तेही पिळून नव्हे, छातीकडे दाबून, मिटून, सोडून. काढलेलं दूध आईच्या माळ्यावरच्या चांदीच्या बोंडल्यातून, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यातून पाजायचं, बाटलीतून नाही. त्या बोंडल्यानं मीही दूध प्यायले होते. उकळत्या पाण्यातून काढून ठेवलं की लख्ख दिसायचं.

डावीकडच्या सपाट बोंडाला औषधाच्या दुकानातली सिरिंज उपयोगी पडली. २० मिलीची, सुई नसलेली. सुईकडचं टोक कापून टाकायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूनं घालायचा आणि गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवून अगदी हळू ओढून अर्धा मिनिट धरायचं. दुखेपर्यंत नाही. पाजायच्या आधी दर वेळेला. नवऱ्यानं ती ब्लेडनं कापताना बोट कापून घेतलं, त्यामुळे घरात जखमी दोन झाले. रात्री तोच मोबाइलवर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले स्तनपानाचे मराठी व्हिडिओ लावून द्यायचा, आणि मी पाजत असताना टॉर्च धरून हनुवटी टेकलीय की नाही हे सांगायचा. ढेकर काढणं त्याच्याकडेच होतं. त्यात तो माझ्यापेक्षा तरबेज झाला.

वहीची मांडणी मी त्या दिवशी बदलली. किती मिनिटं प्यायली ते खोडलं. डाव्या पानावर, जमेकडे, फक्त किती वेळा प्यायली. उजव्या पानावर, नावे: शू आणि शी. आत गेलेलं दिसत नाही, बाहेर आलेलं दिसतं. शिल्लक काढायची ती त्यावरून. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला व्हायला हवा, शी काळी-हिरवी जाऊन पिवळी व्हायला हवी. सातव्या दिवशी माझ्याकडे नोंद आहे: शू ७, शी ४, पिवळी, फेसलेल्या मोहरीसारखी. पावसाळ्यात सात लंगोट म्हणजे शेगडीभोवती तोरण. आई कुरकुरली नाही. उलट प्रत्येक ओला लंगोट मला आणून दाखवायची, "हा घे, लिही."

दहाव्या दिवशी वजन २ किलो ७००. वरचं दूध आम्ही एकदम बंद केलं नाही, डॉक्टरांना विचारून रोज थोडं कमी केलं. पंधराव्या दिवशी २ किलो ८६०, म्हणजे जन्माचं वजन भरून १० ग्रॅम वर.

बाकी खाण्यापिण्याचं म्हणाल तर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, शतावरी, सगळं झालं. लाडू मला मनापासून आवडले, आणि बाळंतिणीला पोटभर खायला मिळावं म्हणून आपल्या बायकांनी शोधलेली ही उत्तम सबब आहे असं माझं मत आहे. दूध मात्र विहिरीसारखं असतं, हे सिस्टरबाईंचं. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की पाणी तुंबतं. रात्रीचा उपसा तर चुकवायचाच नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. आत्याला मध चाटवायचा होता. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. ती आठवडाभर डॉक्टरांवर रुसली.

उपसा थांबला की काय होतं ते मी बारशाला बघितलं. बाराव्या दिवशी ऐंशी माणसं, जरीचा ब्लाउज, तो घट्ट. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. पुढचे दिवसही आल्यागेल्यातच गेले, दोन-दोन वेळा पाजणं चुकलं. एका संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, १०२. डाव्या बाजूला बाहेरून लाल, गरम, त्रिकोणी पट्टा. मी शहाणपणा केला आणि गरम तेल लावून ती गाठ रगडून काढली. रात्रीत ती दुप्पट झाली. डॉक्टर म्हणाल्या, हेच नको करायला. पूर्वी शेकायला आणि चोळायला सांगायचे, आता उलट, आत सूज असते, ती रगडल्यानं वाढते; गार पट्ट्या ठेवा, हात हलका ठेवा, आणि गरजेपेक्षा जास्त काढत बसू नका. ताप उतरेना म्हणून अँटिबायोटिक दिलं, बाळाला चालणारं. आणि पाजायचं थांबवायचं नाही. सासूबाईंचा फोन आलाच: "तापाचं दूध पोरीला लागेल, बंद कर." मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. दोन दिवसांत ताप गेला.

मग सहावा आठवडा. संध्याकाळी सहा ते दहा ही कन्या छातीवरून उठायचीच नाही. प्यायची, सोडायची, रडायची, परत प्यायची. घरात पुन्हा कुजबुज सुरू. "पुरत नाही वाटतं." मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढून झाली. मी वही उघडली. शू ८, शी ३, आठवड्याला वजन २१० ग्रॅम वाढलेलं. शिल्लक जुळत होती. बाळं संध्याकाळी अशीच सलग पितात, त्यांच्या वाढीच्या दिवसांत तर जास्तच. ती उद्याच्या दुधाची मागणी आजच नोंदवत असतात. मी वही सगळ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मालिका बघत पाजत बसले.

आता ती पाच महिन्यांची आहे. सव्वीस आठवड्यांची रजा संपत आलीय, पतसंस्थेत बसून दूध कुठं काढायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही. व्यवस्थापक रेकॉर्ड रूम म्हणताहेत, तिथं उंदीर आहेत. एसटीच्या स्टँडवर निदान हिरकणी कक्ष तरी असतो. डावीकडे मात्र गंमत झाली. जिथं तिनं पहिले सहा दिवस डोकं आपटलं ती बाजू आता तिची लाडकी आहे. उजवीकडे घेतलं की आधी मान वळवून तिकडे बघते.

वही दोन महिन्यांनंतर मी लिहायची थांबले. परवा स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली दिसली. उरलेल्या पानांवर आईनं गवळ्याचा हिशोब सुरू केलाय. सोमवार, म्हशीचं १ लिटर. मंगळवार १ लिटर. बुधवार दीड, पाहुणे. गुरुवार खाडा.